उंदरांचे वय आणि आपले आयुष्य

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात जत येथे केलेले भाषण)



'वार्धक्य आणि विज्ञान' या विषयावर चार शब्द बोलावेत अशी चिटणीसांची आज्ञा झाली, तेव्हा आम्ही प्रथम नकारच दिला. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, आणि सारी हयात चौथीच्या मुलांस अपूर्णांक शिकविण्यात गेलेली. परंतु आमच्या घरी जे घडले, त्यानंतर या विषयावर मौन धरणे आम्हांस प्रशस्त वाटेना.

आमचे थोरले बंधू, ज्यांस आपण सर्व दादा म्हणून ओळखता, गेल्या दिवाळीस ७८ वर्षांचे झाले. त्याच सुमारास एका फिरत्या विक्रेत्याने त्यांच्या गळ्यात वार्धक्य मागे फिरविणाऱ्या भुकटीचे सहा डबे मारले. सोबत वर्तमानपत्राचे एक कात्रण होते, की मुंबईत म्हातारे उंदीर पुन्हा तरुण झाले. भुकटीचा आणि त्या प्रयोगाचा सुतराम संबंध नव्हता. तरी दादांचे दोन महिन्यांचे पेन्शन गेले. पैशाचे दुःख नाही. परंतु 'आता रक्तदाबाची गोळी नको' असे विक्रेत्याने सांगितले आणि दादांनी ते ऐकले. पौषात एके पहाटे ते ओसरीवर डोके धरून बसले. दाब २०० च्या वर गेला होता. तातडीने मिरजेस नेले, म्हणूनच आज ते समोर पहिल्या रांगेत बसले आहेत, आणि ही हकीकत त्यांच्याच अनुमतीने आम्ही सांगत आहोत.

घरी परतल्यावर दादांनी विचारले, "मास्तर, मग तो मुंबईचा प्रयोग खोटा होता का रे?"

या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येईना. दादांची नात औषधनिर्माणशास्त्र शिकते. तिने मूळ इंग्रजी निबंध आम्हांस समजावून दिला. प्रयोग खोटा नव्हता. मुंबईच्या नरसी मोनजी संस्थेतील संशोधकांनी हॅरल्ड कॅचर या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या कल्पनेवरून तो केला. तरुण डुकरांच्या रक्तद्रवातून वेगळा काढलेला एक भाग सुमारे दोन वर्षांच्या, म्हणजे वृद्ध उंदरांच्या शिरेत टोचण्यात आला. निष्कर्ष प्रथम २०२० साली जाहीर झाले, आणि तज्ज्ञांच्या तपासणीनंतर २०२३ साली 'जेरोसायन्स' या नियतकालिकात छापले गेले. रक्त, हृदय व यकृत यांचे 'वय' निम्म्याहूनही खाली आले, असे त्यात म्हटले आहे. टोचलेले उंदीर सुटकेचे बीळही लवकर शोधू लागले.

आता हे 'वय' मोजले कसे? येथे आपल्या यल्लमादेवीच्या यात्रेतील खिलार जनावरांचा बाजार आठवावा. जाणता शेतकरी खोंडाचा जबडा उघडतो आणि आदत, दुसा, चौसा की जुळलेला हे क्षणात सांगतो. कॅलिफोर्नियाच्या स्टीव्ह हॉर्वाथ यांनी २०१३ साली तशीच एक रीत माणसासाठी काढली. पेशींतील जनुकद्रव्यावर वयानुसार रासायनिक खुणा पालटतात. त्या मोजून वय वर्तवावयाचे. मुंबईच्या प्रयोगात ते सहभागी होते. रीत नामी आहे यात शंका नाही. परंतु दात हे वयाचे चिन्ह होय, वय नव्हे. कानशीने घासून दात पालटले तर बैलाच्या पायांत बळ येते काय? या खुणा म्हणजे घासलेले दात आहेत असा आमचा आरोप नाही. खुणा उतरल्या म्हणजे आयुष्य वाढलेच, हे मात्र निराळे सिद्ध व्हावे लागते, एवढेच म्हणणे आहे.

आणि उंदीर किती? प्रत्येक गटात सहा. आमच्या वर्गातील सहा मुले उंच निघाली म्हणून जत तालुक्यातील मुले उंच, असे कोणी म्हणेल काय?

आयुष्याचाही प्रयोग झाला. २०२३ च्या फेब्रुवारीत विलायती पत्रांत वार्ता आली, की औषध दिलेले आठ उंदीर ३८ ते ४७ महिने जगले, आणि नुसते मिठाचे पाणी टोचलेले आठ ३४ ते ३८ महिने. सत्तेचाळिसावा महिना गाठणारी उंदरीण एकच, तिचे नाव सीमा. मथळ्यात झळकली ती सीमाच. उरलेल्या सातांची नावे कोणी छापली नाहीत! शिवाय ही वार्ता आली तेव्हा आयुष्याच्या प्रयोगाचा निबंध प्रसिद्ध झालेला नव्हता. त्यातून हे द्रव्य बाजारात आणू पाहणाऱ्या कंपनीत काही संशोधकांचे हितसंबंध होते. तेवढ्यावरून कोणी अप्रामाणिक ठरत नाही. तथापि विकणाऱ्याने दात दाखविले तरी घेणारा आपल्या हाताने जबडा उघडतोच.

एक गोष्ट मात्र मुंबईकरांनी योग्य केली. औषध न दिलेले वृद्ध उंदीर त्यांनी तुलनेसाठी शेजारी ठेवले. पंडित मदनमोहन मालवीय यांनी १९३८ साली कायाकल्प करून घेतला, तेव्हा देशभर गाजावाजा झाला. पंडितजी १९४६ साली, वयाच्या ८४ व्या वर्षी निवर्तले. कायाकल्पाने त्यांचे आयुष्य वाढले की घटले? ठरविण्यासाठी कायाकल्प न केलेला दुसरा मालवीय कोठून आणावा?

मग पुरावा भक्कम केव्हा म्हणावा? अमेरिकेत सरकारी खर्चाने एकच औषध तीन निरनिराळ्या प्रयोगशाळांत, शेकडो उंदरांवर, एकाच वेळी तपासण्याची व्यवस्था आहे. आपल्या भागातील द्राक्षबागायतदारांस यातील एक हकीकत रुचणार नाही. द्राक्षाच्या सालीतील रेस्व्हेराट्रोल नावाच्या द्रव्याने, चरबीयुक्त आहारावर ठेवलेले लठ्ठ उंदीर अधिक जगले, असे २००६ साली गाजले. त्या तीन प्रयोगशाळांत साध्या आहारावरील उंदरांस तेच द्रव्य दिले, तेव्हा आयुष्य वाढले नाही. उलट रॅपामायसिन हे औषध २००९ साली तिन्ही ठिकाणी उतरले. म्हातारपणी सुरू करूनही माद्यांचे कमाल आयुष्य शेकडा १४ व नरांचे ९ वाढले. परंतु हेच औषध मूत्रपिंडाचे रोपण झालेल्या रुग्णांस, शरीराची प्रतिकारशक्ती दाबण्यासाठी देतात. तेव्हा इतका बळकट पुरावाही उंदरांचाच, माणसांचा नव्हे.

दादांस वाईट वाटू नये म्हणून एवढे सांगतो, की श्रीमंत व सुशिक्षित अमेरिकेतही एक कंपनी तरुणांचा रक्तद्रव लिटरला ८,००० डॉलर घेऊन टोचीत असे. २०१९ साली तेथील औषध प्रशासनाने या प्रकारात सिद्ध झालेला लाभ काही नाही आणि धोका मात्र आहे, असा इशारा दिला. तेथे तर खरोखरच रक्तद्रव मिळत होता. आमच्या दादांस डब्यात काय मिळाले हे आजही ठाऊक नाही.

हे सारे ऐकून दादा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे खोटा नाही, पण अजून आदतच आहे म्हण की."

याहून नेमके आम्हांस सांगता आले नसते. आदत खोंडावर कोणी नांगराची भिस्त ठेवीत नाही, आणि त्याला कसायालाही देत नाही. दुसा-चौसा होईपर्यंत वाट पाहतो. मुंबईचा प्रयोग दुसऱ्या प्रयोगशाळांनी, ज्यांचा कंपनीशी संबंध नाही अशांनी, मोठ्या संख्येने करून पाहावा अशी आमची इच्छा आहे. तो उतरला तर आम्हांस आनंदच होईल. आमचेही वय काही कमी होत नाही.

भोजनापूर्वी शेजारच्या खोलीत मंडळाच्या वतीने रक्तदाब तपासण्याची सोय केली आहे. साठी उलटलेल्या सर्वांनी आपल्या चालू गोळ्यांची चिठ्ठी सोबत न्यावी. यादीत पहिले नाव दादांचे आहे, दुसरे आमचे.