विटांच्या घराचा माळा



लंडनच्या फ्लीट स्ट्रीटमागील बोळांतून गेले की गफ स्क्वेअर नावाचा लहानसा चौक लागतो. तेथील सतरा क्रमांकाचे विटांचे घर १७०० च्या सुमारास रिचर्ड गफ या लोकरीच्या व्यापाऱ्याने बांधविले. डॉ. सॅम्युएल जॉन्सन १७४८ ते १७५९ पर्यंत तेथे भाड्याने राहिले आणि आपला प्रसिद्ध इंग्रजी कोश त्यांनी तेथेच पुरा केला, म्हणून लोक ते पाहावयास जातात. मी काही वास्तुविशारद नव्हे. घर दिसले की ते कोणी बांधले आणि त्यात राबले कोण, हे विचारण्याची मला खोड आहे.

मुळात विटाच का? १६६६ साली लंडन जळाले. घरे बहुतेक लाकडी होती. पुढच्याच वर्षी कायदा झाला : बाहेरच्या भिंती विटेच्या किंवा दगडाच्या हव्यात. घराच्या प्रतीप्रमाणे मजले किती आणि भिंतीची जाडी किती, हेही ठरले. पण इतके गवंडी आणावयाचे कोठून? त्याच कायद्याने बाहेरगावच्या कारागिरांना सात वर्षे शहरात कामाची मोकळीक दिली आणि मजुरी फार चढल्यास ती ठरवून देण्याचा अधिकार न्यायाधीशांना दिला. भिंत किती जाड असावी आणि गवंड्याने किती मागावे, दोन्ही एकाच कायद्यात!

या घराचा दर्शनी भाग अगदी साधा आहे. नक्षी जवळजवळ नाही. उंच खिडक्या सारख्या अंतरावर एका ओळीत बसविलेल्या; घराला शोभा आली आहे ती मापाने आणि गवंड्याच्या सरळ हाताने.

आत दाराला जाड साखळी आहे. ती चोरांसाठी, तशीच वसुलीच्या बेलिफांसाठीही. कोश १७५५ साली निघाला आणि पुढच्याच वर्षी पाच पौंड अठरा शिलिंगांच्या कर्जापायी जॉन्सन अटकेत पडले! एवढे मोठे काम करणाऱ्याची ही मिळकत.

आता मजले पाहा. तळघरात स्वयंपाकघर. त्यावर बैठकीच्या खोल्या. पहिल्या मजल्यावर बिजागऱ्यांच्या लाकडी भिंती बाजूला सारल्या की एक मोठी खोली होते. त्यावर निजावयाच्या खोल्या आणि अगदी वर, छपराखाली, लांबच्या लांब माळा. पाहुण्यांसाठी मधले मजले. राबणाऱ्यांना एक तर तळ, नाही तर छप्पर.

त्या माळ्यावर सहा पगारी लेखनिक बसत. त्यांतले पाच स्कॉटलंडचे. जॉन्सन ग्रंथांत खुणा करीत आणि हे लोक ती वाक्ये चिठ्ठ्यांवर उतरवीत. चाळीस हजारांहून अधिक शब्दांचा कोश असा उभा राहिला. मुखपृष्ठावर नाव मात्र एकट्या जॉन्सनचे. त्यांची थोरवी मी कमी करीत नाही. पण सहांची नावे आपल्यापैकी कितीजणांनी ऐकली आहेत?

१९११ साली सेसिल हार्म्सवर्थ यांनी हे घर विकत घेऊन वाचविले आणि १९१४ साली लोकांसाठी खुले केले. कधी तेथे जाणे झालेच तर दिवाणखाना पाहून परतू नका. शेवटचा जिना चढून माळ्यावर जा.