पालकत्वाचा अभ्यास

विकासाच्या मानसशास्त्रात पालकत्वाचे प्रकरण आले की विद्यार्थी आधी स्वतःच्या आईवडिलांना एखाद्या चौकटीत बसवून पाहतात. चौकटी डायना बॉमरिंड यांच्या. बर्कली येथे त्यांनी १९६०च्या दशकात पालकांच्या तीन तऱ्हा मांडल्या: केवळ हुकूम सोडणारे, शिस्त लावताना कारण सांगणारे आणि सगळे चालवून घेणारे. १९८३ मध्ये मॅकोबी आणि मार्टिन यांनी दुर्लक्ष करणाऱ्यांची चौथी तऱ्हा जोडली. घरातली माणसे मात्र अशी सरळ बसत नाहीत. वडील एका चौकटीत, आई दुसरीत आणि आजी तर सर्वच चौकटींबाहेर!

आई आणि मुलाचे नाते तपासणारा मेरी एन्सवर्थ यांचा बाल्टिमोरमधला प्रयोग या चौकटींहून अधिक चकवणारा आहे. आई खोलीबाहेर गेल्यावर वर्षाचे मूल किती रडते, यावरून नाते ठरते असे पाहणाऱ्याला वाटते. एन्सवर्थ यांचा भर होता आई परतल्यानंतरच्या क्षणांवर: मूल तिच्याकडे झेपावते का, तिच्या कुशीत शांत होते का, की तोंड फिरवते.

चौकटींनाही मर्यादा आहेत. बॉमरिंड यांनी अभ्यासलेली कुटुंबे प्रामुख्याने गोरी, मध्यमवर्गीय अमेरिकी होती. चिनी घरांतली कडक शिस्त हा हुकूम नसून मुलांना घडवणे असते, असे रूथ चाओ यांनी १९९४ मध्ये दाखवले.