नंतर आलेली बटणं मुकी का असतात?



आजचा विषय बटणाचा. पानावर बटण दिसतंय, बोटाखाली दबतंय, रंगही बदलतोय आणि पुढे काहीच होत नाही. तक्रार जवळजवळ ठरलेल्या शब्दांत येते: "पहिल्या ओळींना चालतं, पण 'आणखी दाखवा' दाबल्यावर ज्या ओळी येतात त्यांना चालत नाही." कन्सोल उघडून बघावं तर तिथेही सामसूम, लाल अक्षरात एक शब्द नाही. ज्यांनी थोडंफार जावास्क्रिप्ट लिहिलंय त्यांच्या वाट्याला हे एकदा तरी येतंच. कोडच्या ओळी मी बोलूनच सांगणार आहे, म्हणजे हे पुढे पुस्तकात वाचणाऱ्यांचीही अडचण व्हायला नको.

आधी कारण बघू. आपण साधारण असं लिहितो: पानावरची 'दिला' या क्लासची सगळी बटणं शोध, म्हणजे क्वेरीसिलेक्टरऑल, आणि प्रत्येकाला क्लिकचा लिसनर लाव, म्हणजे ऍडइव्हेंटलिसनर. ही ओळ पान उघडताना एकदाच चालते. त्या क्षणी पानावर पंधरा बटणं असतील तर पंधरांना लिसनर लागतो आणि काम संपतं. ब्राउझर ती सूचना पुढे लक्षात ठेवत नाही. लष्करात सकाळी फॉल-इन होतं, हजर जवानांना दिवसाचा हुकूम सांगितला जातो. दुपारच्या गाडीने रजेवरून चौघे परतले, तर त्यांना तो हुकूम ठाऊकच नसतो. त्यांनी हुकूम मोडला असं कुणी म्हणणार नाही. सर्व्हरकडून मागाहून आलेल्या ओळी म्हणजे हे चौघे.

कन्सोल गप्प का, तेही इथेच कळतं. एखाद्या आयडीचं बटण शोधलं आणि ते नसेल तर 'नल' मिळतं, त्याला लिसनर लावायला गेलात की ब्राउझर ओरडतो. पण क्वेरीसिलेक्टरऑलला काहीच सापडलं नाही तर तो रिकामी यादी देतो. रिकाम्या यादीवरचा फेरा शून्य वेळा फिरतो, आणि शून्य वेळा केलेल्या कामात चूक होत नाही. जेक्वेरीतही तसंच. जी चूक आवाज करत नाही ती सापडायला वेळ लागतो.

आता वेळ का महत्त्वाचा, ते सांगतो. एप्रिल २०२१. दिल्लीत ऑक्सिजनसाठी काय अवस्था होती, ते इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. आम्ही मयूर विहारला राहतो. आमच्या बाजूच्या काही सोसायट्यांमधल्या मुलांनी मिळून एक साधं पान केलं होतं. कुठल्या पॉकेटमध्ये, कुणाकडे, किती सिलिंडर किंवा कॉन्सन्ट्रेटर शिल्लक आहेत, त्याची यादी. प्रत्येक ओळीसमोर एक बटण: 'एक दिला'. स्वयंसेवकाने ते दाबलं की शिल्लक एकाने कमी व्हायची. सुरुवातीला पंधरा ओळी, मग 'आणखी' दाबलं की पुढच्या पंधरा.

पान लिहिणारी मुलगी शेजारच्या इमारतीतली, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. तिचा फोन आला, "काका, खालच्या ओळींमधलं बटण दबतंय, पण आकडा हलत नाही. लोक फोन करतायत आणि घरात सिलिंडरच नाही." म्हणजे सिलिंडर सकाळीच गेलेला, यादीत मात्र अजून 'शिल्लक १'. त्या घरी दिवसभर फोन, आणि फोन करणाऱ्या प्रत्येकाचा दहा मिनिटांचा वेळ फुकट. त्या दिवसांत दहा मिनिटं म्हणजे काय, ते ज्याच्या घरी माणूस आजारी होता त्याला विचारा.

तासाभरात तिने दुरुस्ती केली. बहुतेक जण करतात तीच: नव्या ओळी आल्या की लिसनर लावणारी ओळ पुन्हा चालवायची. खालची बटणं चालू झाली. संध्याकाळी दुसरा फोन, "काका, आता वरच्या ओळींचे आकडे आपोआप खाली जातायत." आपोआप काही नव्हतं. पहिल्या पंधरांना सुरुवातीला एक लिसनर लागला होता. 'आणखी' एकदा दाबल्यावर पानावरच्या सगळ्याच बटणांना पुन्हा लागला, पहिल्या पंधरांना दोन झाले. दुसऱ्यांदा दाबलं, तीन झाले. आता वरच्या ओळीत कुणी एकदा 'एक दिला' दाबलं की शिल्लक चारवरून थेट एकावर. पहिल्या बिघाडात नसलेला सिलिंडर यादीत दिसत होता, दुसऱ्यात असलेला दिसेनासा झाला. मला विचाराल तर दुसरा जास्त वाईट. नसलेल्या सिलिंडरसाठी निदान कुणी फोन करून खात्री तरी करतं. शून्य दिसल्यावर फोन कोण करणार? सिलिंडर भरलेला, घरात उभा, आणि विचारायला कुणी नाही.

इथे एक बारकावा आहे. तेच फंक्शन, त्याच इव्हेंटला, त्याच बटणावर दुसऱ्यांदा लावलं तर ऍडइव्हेंटलिसनर ते दुसरं सोडून देतो. म्हणजे फंक्शनला नाव देऊन ते बाहेर एकदाच लिहिलं असतं तर तिहेरी मोजणी झाली नसती. पण आपल्याला सवय असते जागच्या जागी बिननावाचं फंक्शन लिहायची. ते दर वेळी नवं जन्माला येतं, ब्राउझरला ते वेगळंच वाटतं. जेक्वेरी तर नावाचं असो की बिननावाचं, जितक्यांदा लावाल तितक्यांदा लावून घेते.

मग इलाज काय? त्यासाठी क्लिक केल्यावर आत काय होतं ते बघायला हवं. बटणावर बोट पडलं की ती खबर बटणापाशी थांबत नाही. बटणाकडून ती ओळीकडे जाते, ओळीकडून यादीकडे, यादीकडून पानाच्या बॉडीकडे, तिथून डॉक्युमेंटकडे. पाण्यात तळाशी सुटलेला बुडबुडा वर यावा तसं, म्हणून त्याला बबलिंग म्हणतात. नव्वदीच्या दशकात नेटस्केपचा ब्राउझर खबर वरून खाली न्यायचा, मायक्रोसॉफ्टचा खालून वर. नोव्हेंबर २००० मध्ये डब्ल्यूथ्रीसीने डॉम लेव्हल टू इव्हेंट्सचं मानक काढलं आणि दोन्ही ठेवले: आधी वरून खाली, मग खालून वर. भांडण मिटवायची सरकारी पद्धत, पण आपल्या फार उपयोगाची.

आमच्या सोसायटीच्या गेटवर गार्ड बसतो. भाडेकरू येतात, जातात. कुणी नवं आलं म्हणून गार्डची नवी नेमणूक होत नाही. बाहेर जाणारा प्रत्येक जण गेटवरूनच जातो, गार्ड फक्त विचारतो, कुठल्या फ्लॅटमधून? लिसनर असा गेटवर बसवायचा. बटणांना काही लावायचंच नाही. ज्या यादीत ओळी येतात त्या यादीलाच एक लिसनर. तो आत विचारतो: क्लिक जिथे पडला, म्हणजे इव्हेंटचा टार्गेट, तिथून वर जाताना सगळ्यात जवळचं 'दिला' क्लासचं काही आहे का? हे विचारणाऱ्या मेथडचं नाव क्लोजेस्ट. उत्तर 'नल' आलं तर क्लिक दुसरीकडे कुठेतरी होता, परत फिरा. बटण मिळालं तर त्याची ओळ शोधा, ओळीवर लिहिलेला नोंद क्रमांक वाचा आणि सर्व्हरला कळवा. याला इव्हेंट डेलिगेशन म्हणतात. ओळी पंधरा असोत की पंधराशे, लिसनर एकच. उद्या येणाऱ्या ओळींनाही तोच. (क्लासचं नाव 'दिला' असं देवनागरीत ठेवलं तरी ब्राउझरला चालतं. करून बघा, मजा येते.)

त्या मुलीच्या पानावर हा बदल सात-आठ ओळींचा होता. सोबत आणखी एक केलं: बटण दाबलं की सर्व्हरचं उत्तर येईपर्यंत ते डिसेबल. घाईत माणूस दोनदा दाबतो, त्यावर डेलिगेशनचा इलाज नाही.

टार्गेटऐवजी क्लोजेस्ट का, असा प्रश्न हमखास येतो. बटणात बरोबरची खूण किंवा छोटं चित्र असतं. बोट त्या चित्रावर पडलं तर टार्गेट चित्र असतं, बटण नसतं. टार्गेटचा क्लास थेट तपासणारा कोड मग कधी चालतो, कधी नाही, बोट कुठे पडलं त्यावर. असला बिघाड शोधताना माणूस वेडा होतो.

जेक्वेरीवाल्यांसाठी थोडं वेगळं, कारण जुनी पानं अजून भरपूर आहेत. जेक्वेरीत याच कामासाठी २००९ साली १.३ आवृत्तीत 'लाइव्ह' आलं. ते सगळं डॉक्युमेंटवर बसवायचं. मग २०१० मध्ये 'डेलिगेट', २०११ च्या नोव्हेंबरात १.७ आवृत्तीत 'ऑन', आणि २०१३ च्या जानेवारीत १.९ मध्ये 'लाइव्ह' काढूनच टाकलं. जुना कोड नव्या जेक्वेरीवर नेताना लोक 'लाइव्ह' खोडून तिथे 'ऑन' लिहितात आणि म्हणतात, झालं. नाही झालं. बटण निवडून त्यावर 'ऑन' लावलं तर ते साधं बांधणं आहे, फॉल-इनला हजर असलेल्यांपुरतं. यादी निवडायची, 'ऑन'मध्ये आधी क्लिक, मग बटणाचा सिलेक्टर, मग फंक्शन. मधला सिलेक्टर आला तरच ते डेलिगेशन. एका शब्दाचा फरक, पण सगळं त्यावर आहे. रिऍक्ट वापरणाऱ्यांना हा त्रास सहसा होत नाही, कारण रिऍक्ट आतून हेच करते. सोळाव्या आवृत्तीपर्यंत लिसनर डॉक्युमेंटवर असायचे, २०२० च्या सतराव्या आवृत्तीपासून ते ऍपच्या मूळ घटकावर आले.

गेट कुठलं निवडायचं? बटणाच्या जवळचं, पण जे स्वतः बदलणार नाही असं. यादी दर दोन मिनिटांनी नव्याने येत असेल आणि तुम्ही यादीचा अख्खा टेबलच बदलत असाल, तर टेबलावरचा लिसनरही टेबलाबरोबर गेला. मग टेबल ज्या डिव्हमध्ये आहे त्याच्यावर बसवा. याच घरातला दुसरा चोर म्हणजे इनरएचटीएमएलला 'अधिक बरोबर' करून नव्या ओळी जोडणं. दिसायला ते जोडणं आहे, पण प्रत्यक्षात ब्राउझर आतलं सगळं पाडून पुन्हा बांधतो. आधी चालणाऱ्या ओळींचे लिसनरही त्यात जातात. जोडायचंच असेल तर इन्सर्टऍडजेसंटएचटीएमएल वापरा, ते जुन्याला हात लावत नाही.

सगळेच इव्हेंट वर येत नाहीत. फोकस आणि ब्लर येत नाहीत, त्यांच्या जागी फोकसइन आणि फोकसआउट आहेत. माउसएंटर येत नाही, माउसओव्हर येतो. चित्राचा लोड येत नाही. तिथे लिसनरला तिसरं म्हणून 'ट्रू' दिलंत तर वरून खाली जातानाच खबर पकडता येते. नेटस्केपचा वारसा तिथे कामाला येतो. आणि मध्येच एखाद्या प्लगइनने स्टॉपप्रोपगेशन केलं असेल तर खबर जिन्यातच अडते, गेटपर्यंत पोचत नाही. मी स्वतः तो कॉल फार क्वचित लिहितो.

डेलिगेशनने होणार नाही असंही काम आहे. तारीख निवडायची खिडकी, फोटोंचा स्लायडर, असल्या गोष्टींना क्लिकची वाट बघून भागत नाही. त्या आल्या आल्या सुरू कराव्या लागतात. ओळी जोडता त्याच फंक्शनमध्ये, फक्त नव्या ओळींपुरत्या, सुरू करा. ओळी दुसऱ्याच कुणाचा कोड जोडत असेल तर म्युटेशनऑब्झर्व्हर आहे.

तुमच्या पानावर हेच दुखणं आहे का, ते बघायला अर्धं मिनिट लागतं. फायरफॉक्समध्ये इन्स्पेक्टर उघडा, लिसनर असलेल्या घटकाशेजारी 'इव्हेंट' अशी छोटी पट्टी दिसते. वरच्या ओळीतल्या बटणाला आहे आणि खालच्याला नाही, तर निदान झालं. क्रोममध्ये एलिमेंट्सच्या बाजूला 'इव्हेंट लिसनर्स' हा टॅब आहे. तिथे एकाच बटणाला तीन-तीन क्लिक दिसले, तर तिहेरी मोजणी. आणि प्रत्येक ओळीतल्या बटणाला एकच आयडी दिलेला दिसला, तर रोग वेगळा आहे: आयडीने शोधताना ब्राउझर पहिलंच बटण देतो, बाकीची पहिल्या दिवसापासून मुकी. तिथे आधी आयडी काढून क्लास द्या, मग यादीवर लिसनर लावा.

जय हिंद.