मला रविवार आवडत नाही

(पनवेल येथे महिला मंडळाच्या बैठकीत केलेले भाषण)



कशावर बोलणार असं मला विचारलं, तेव्हा मी म्हटलं, रविवारवर. सगळ्या हसल्या. पण गेली कित्येक वर्षं मला रविवार आवडत नाही आणि हे मी कोणाला सांगितलेलं नाही. सुटी आवडत नाही म्हणणाऱ्या बाईला लोक वेडी म्हणतात, किंवा हिचं घरात पटत नाही असं तरी म्हणतात.

मी पनवेलहून मुंबईला नोकरीला जाते. आधी एस.टी.नं जायचे, १९९८ साली लोकल पनवेलपर्यंत आली तेव्हापासून लोकलनं. सोमवार ते शनिवार पहाटे पाचला उठून डबे, पाणी, सगळं आवरून पळायचं. दमायला होतंच. पण खिडकीशी जागा मिळाली की तासभर मला कोणी हाक मारत नाही. त्या डब्यात मी मटार सोललेत, मेथी निवडलीय, आणि मान टाकून झोपलेही आहे. रविवारी ती झोपही नाही.

रविवारी सगळे उशिरा उठतात, पण एकदम उठत नाहीत, म्हणून चहा चार वेळा होतो. आमच्याकडे सोमवार, गुरुवार, शनिवार पाळतात, त्यामुळे मासळी-मटणाचा सगळा भार रविवारवर. माझे मिस्टर काही वाईट नाहीत. बाजारातून मटण तेच आणतात. पिशवी ओट्यावर ठेवली की त्यांचं काम संपतं आणि माझं सुरू होतं. मग वाटण, चादरी, दळण, गणवेशांना इस्त्री, अचानक आलेले पाहुणे. संध्याकाळी उद्याची भाजी चिरून ठेवायची. हार्बरवर रविवारी मेगाब्लॉक असतो ना, तसा. रुळांना दुरुस्तीसाठी रविवार मिळतो, आपल्या कमरेला मिळत नाही.

आता हा रविवार आला कुठून, तेही पाहू. गिरणी कामगार सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत राबत आणि आठवड्याची हक्काची सुटी नव्हती. महात्मा फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून ही मागणी लावून धरली. मुंबईतल्या नाभिकांनी विधवांचं केशवपन करू नये म्हणून खटपट करणारे तेच लोखंडे. साहेबाला रविवार चर्चसाठी हवा होता, पण घाटावरून आलेल्या कामगारांचा तो खंडोबाचा वार होता. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत महालक्ष्मीला सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. त्या सभेत दोन स्त्री कामगारही सुटीच्या बाजूनं बोलल्या. १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची सुटी मान्य केली आणि पुढच्या वर्षीच्या फॅक्टरी कायद्यात साप्ताहिक सुटी आली.

त्या दोघींचा उल्लेख येतो तो 'दोन स्त्री कामगार' एवढाच. माझ्या मनात त्यांचा तो पहिला रविवार येतो. गिरणीचा भोंगा झाला नाही, नवरा खाटेवर पडून राहिला, आणि ती? तिनं चूल पेटवली असणार. सुटी गिरणीतून मिळाली होती, आणि घराला गिरणी कोण म्हणतो?

हे जुन्या काळचं म्हणाल, तर केंद्र सरकारचं २०२४ चं वेळेच्या वापराचं सर्वेक्षण बघा. घरकामात बाईची दिवसाला २८९ मिनिटं जातात, पुरुषाची ८८. त्यातही ही ८८ मिनिटं घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांचीच, बाकीचे त्या सरासरीत धरलेलेच नाहीत. २०१९ साली हेच आकडे २९९ आणि ९७ होते. पाच वर्षांत बाईची दहा मिनिटं वाचली, तर पुरुषानंही आपली नऊ वाचवून घेतली!

आता जरा अडचणीचं बोलते. आपल्याकडे भांडी-कपड्याला येणारी बाई रविवारी आली नाही की आपला चेहरा कसा होतो? माझा होतो. तिची सुटी म्हणजे माझं काम दुप्पट, म्हणून तिनं यावं असं मला वाटतं. नवऱ्याला 'ऊठ' म्हणण्यापेक्षा तिचे पैसे कापणं सोपं. घरकामगारांसाठी महाराष्ट्रात २००८ साली कायदा झाला, पण तो कल्याण मंडळाचा. आठवड्याला सलग चोवीस तास विश्रांती हवी, असं सांगणारा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा करार २०११ चा आहे. भारतानं तो अजून मंजूर केलेला नाही. सरकारला जाब विचारूच, पण तिला रविवारची पगारी सुटी द्यायला आपल्याला कोणाची मंजुरी लागते?

आणि आता ज्यासाठी हा विषय घेतला ते. आपली बैठक कायम रविवारी अकराला असते. का, तर आपण नोकरीवाल्या, आपल्याला तेव्हाच वेळ. मागच्या महिन्यात एक बाई मला बाजारात भेटली. दोन वर्षांत ती बैठकीला दोनदाच आली. मी जरा रागानंच म्हटलं, अगं, येत का नाहीस? ती म्हणाली, "ताई, तुमची सुटी असते म्हणून तुम्ही रविवारी बोलावता. माझा नवरा रविवारी घरी असतो." दोनदा आली तेव्हा तो गावाला गेला होता. तो घरी असला की ती कोपऱ्यावरच्या दुकानातसुद्धा विचारून जाते, आणि दुपारी त्याची बाटली उघडली की काय होतं ते तिनं सांगितलं नाही. मान दुसरीकडे वळवली, तेव्हा मला मानेवरचा वळ दिसला.

मारहाणीविरुद्ध आपण बैठक घेतो, आणि ती नेमकी अशा वारी घेतो की जिला मार बसतो तिला उंबरा ओलांडता येत नाही. हे इतकी वर्षं माझ्या ध्यानात आलं नाही.

माझी सूचना अशी. एक बैठक रविवारी राहू द्या आणि त्यापुढची बुधवारी दुपारी दोनला घ्या. तेव्हा पोरं शाळेत असतात, नवरे कामावर असतात. नोकरीवालींची गैरसोय होईल, माझीही होईल. चहा-खुर्च्यांपासून सगळं बघायला दर बुधवारी आपल्यातल्या दोघींनी अर्धी रजा टाकावी. पाळी लावू. पहिल्या बुधवारी माझं नाव लिहा. दुसरं नाव कोणाचं लिहू?