भाकरीच्या बदल्यात प्रार्थना नको
(ख्रिस्ती बोर्डिंगांचे अधीक्षक व शिक्षक यांच्या बैठकीपुढे केलेले भाषण)



बोर्डिंगातील मुलांचे आत्मिक पोषण कसे व्हावे, ह्या विषयावर बोलण्यास आपण आम्हांस बोलावले, ह्याबद्दल आभार. आम्ही पंडित नाही, पाद्रीही नाही. लहानपणी अशाच एका बोर्डिंगात आम्ही जेवलो, शिकलो आणि रडलोही. आमचा अधिकार तेवढाच.

त्या बोर्डिंगात रात्रीच्या जेवणापूर्वी प्रत्येक मुलाने शास्त्रातील एक वचन तोंडपाठ म्हणावयाचे, असा नियम होता. जो अडखळेल त्याने पंगतीच्या शेवटी बसावयाचे. शेवटापर्यंत कालवण पातळ होई आणि भाकरीचे तुकडे उरत. आमच्यात धनगराचा एक पोरगा होता. त्याची जीभ जड. तो रोज शेवटी बसे. आम्ही वचन अस्खलित म्हणत असू, पुढे बसत असू आणि त्याच्याकडे पाहून हसत असू. हे आमचे आत्मिक पोषण! स्वयंपाक करणारी म्हातारी मात्र त्याच्यासाठी एक सबंध भाकरी परातीखाली झाकून ठेवी. तीस अक्षरओळख नव्हती. त्या वेळची वचने आम्ही पुष्कळशी विसरलो. ती झाकलेली भाकरी विसरलो नाही. देवाची पहिली ओळख आम्हांस तिने करून दिली, आणि आमच्या हसण्याची लाज आजही वाटते.

मंडळी, बहुजनसमाजाने भटशाहीविरुद्ध एवढे रान का उठविले? देव आणि माणूस ह्यांच्यामध्ये दलाल बसला, आणि दक्षिणेवाचून दार उघडीना, म्हणून. मग गरीब पोराच्या भाकरीवर प्रार्थनेची अट घालणारा अधीक्षक कोण? पोथी बदलली, पोशाख बदलला, पण दलाल तोच! हे शब्द कडू लागतील. पण ज्या घरचे मीठ खाल्ले त्या घरास खरे सांगितले नाही, तर ती बेइमानी होईल.

मिशनच्या शाळांनी ह्या देशावर उपकार केले नाहीत, असे आम्ही म्हणत नाही. जोतीराव फुले १८४१ साली पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत गेले. तेथे शिकले, विचार करू लागले, आणि १८४८ साली त्यांनी मुलींची शाळा काढली. ते ख्रिस्ती झाले नाहीत. बाप्तिस्म्याचे रजिस्टर उघडून पाहणारा म्हणेल, हा विद्यार्थी फुकट गेला. आम्ही म्हणतो, त्या शाळेस याहून मोठे फळ आले नाही. त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ साली निघालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त त्यांनी एक कुटुंब कल्पिले आहे. बाई बुद्धधर्मी, नवरा ख्रिस्ती, मुलगी महंमदी आणि मुलगा सत्यधर्मी. आणि सर्वांनी एका घरात प्रेमाने नांदावे. बोर्डिंग हेही एक घरच आहे. त्यास हे का साधू नये?

आता पंडिता रमाबाईंकडे पाहा. १८८९ साली मुंबईस त्यांनी शारदासदन काढले, ते कोणाचा धर्म न बदलण्याच्या बोलीवर. पुढे ते पुण्यास गेले. बाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत, दार उघडे ठेवीत, आणि मुली आपण होऊन येऊन बसत. त्यावरून गहजब झाला आणि १८९३ साली सल्लागार मंडळींनी अंग काढून घेतले. बाईंनी दार लावून घ्यावे, असे आम्ही म्हणणार नाही. मात्र निराधार मुलगी जिच्या छायेखाली जेवते, तिच्या मनाकडे पाहून चालते, हेही खरे. म्हणून दार आत येण्यास जितके उघडे, तितकेच बाहेर जाण्यासही उघडे पाहिजे. न येणाऱ्या मुलीच्या ताटात त्या दिवशी काही कमी पडले नाही, हे तीस दिसले पाहिजे.

ह्याच बाईंपासून दुसरा धडा घ्यावा. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी उपाशी मुली गोळा करून केडगावास आणल्या. तेथे मुली विणीत, शेती करीत आणि छापखाना चालवीत. बाईंनी साध्या मराठीत केलेले बायबलाचे भाषांतर त्याच छापखान्यात छापले गेले; १९२२ साली त्या वारल्या आणि १९२४ साली सबंध ग्रंथ बाहेर पडला. कालची उपाशी पोर आज देवाच्या ग्रंथाचे खिळे जुळविते, ह्यात जे आत्मिक शिक्षण आहे, ते शंभर उपदेशांत नाही.

तिसरी गोष्ट भाषेची. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी अभंग आणि कीर्तन देवळात आणले. मुलास त्याच्या आजीच्या चालीवर देवास हाक मारू द्या. तो सुटीत घरी जातो, तेव्हा आईच्या तुळशीची, बापाच्या खंडोबाची त्यास लाज वाटू लागली, तर तुम्ही त्यास देव दिला नाही. त्याचे आईबाप मात्र काढून घेतले.

कायदाही ध्यानात ठेवावा. संविधानाच्या ३० व्या कलमाने तुम्हांस आपल्या संस्था चालविण्याचा हक्क दिला आहे. २८ वे कलम सांगते की सरकारमान्य किंवा सरकारी मदत घेणाऱ्या शाळेत मुलाच्या पालकाच्या संमतीवाचून त्यास धार्मिक शिक्षणास वा उपासनेस बसविता येत नाही. पण प्रवेशाच्या दिवशी छापील कागदावर बापाचा अंगठा उठविला, म्हणजे संमती झाली काय? तो कागद त्यास वाचून दाखवा, आणि नाही म्हटले तरी मुलास जागा मिळेल हे तोंडाने सांगा. कायदा अंगठ्याने भागेल. मुलाची सद्सद्विवेकबुद्धी भागणार नाही.

आणखी एक दुखणे. देवळात सारे एका पित्याची लेकरे, आणि संडास धुण्याची पाळी आली की पूर्वीची जात आठवते, असे कोठे असेल तर तेथे प्रार्थना बंद करून आधी हे मोडा. भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र राबली, एकत्र जेवली. ख्रिस्ताचे नाव सांगणारांनी त्यापुढे एक पाऊल तरी असावे. पाळीत शिक्षकांचीही नावे घाला.

तेव्हा आमचे मागणे थोडे आहे. जेवण आणि शिक्षा ह्यांचा प्रार्थनेशी संबंध तोडा. मुलाने शंका विचारली तर त्यास बंडखोर म्हणू नका. दिवे मालवल्यावर नवे पोर अंथरुणात रडत असते; त्याच्या उशाशी घटकाभर बसणारे एक माणूस प्रत्येक बोर्डिंगात ठेवा. आणि वर्षाअखेरीस अहवाल लिहाल, तेव्हा किती मुलांनी वचने पाठ केली हे विचारण्यापूर्वी एवढेच विचारा की आमच्या पंगतीत शेवटी कोण बसले, आणि त्याच्यासाठी भाकरी कोणी झाकून ठेवली?