तलाकनंतर मुलं कुणाकडे?
(नाशिक येथे तरुणांसमोर केलेले भाषण)



18 एप्रिल 1966 रोजी हमीद दलवाईंच्या पुढाकाराने सात मुस्लिम महिलांनी मुंबईत विधानभवनावर मोर्चा नेला. जबानी तलाक बंद करा, ही त्यांची एक मुख्य मागणी होती. 22 ऑगस्ट 2017 रोजी सुप्रीम कोर्टाने एका दमात दिलेला तिहेरी तलाक रद्द केला. पण मागणी अर्धीच पूर्ण झाली.

2019च्या कायद्यातील कलम 6 नुसार, असा तलाक दिल्यास अल्पवयीन मुलांचा ताबा मिळण्याचा हक्क आईला आहे. मात्र महिन्याला एक, असा तीन महिन्यांत दिलेला तलाक-ए-हसन या कायद्यात येत नाही. तिथे आईला 1890च्या पालक व पाल्य कायद्याखाली वेगळा अर्ज करावा लागतो. हनफी मताप्रमाणे मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत आईकडे राहते. पालक मात्र बापच.

म्हणूनच “मुलं काढून घेईन” एवढी धमकी पुरते. बाई मार खाते, मेहर सोडते, गप्प बसते.

आपली मागणी साधी आहे. तलाक कोर्टातच व्हावा. पोटगी आणि ताबा त्याच निकालात ठरावा. ताबा ठरवताना मुलाचं हित पाहावं.

तोवर एवढं करा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून कोणत्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. मोहल्ल्यातल्या एका तरी बहिणीला तिथवर सोबत द्या.