चेहरा, आकार आणि बिंदू : नारायण श्रीधर बेंद्रे यांची चित्रसाधना

चित्रकलेविषयी दोन समजुती आपल्या घराघरांत दृढ आहेत. ज्याला नाक-डोळे नीट रेखाटता येत नाहीत, तो अमूर्त चित्रांच्या आडोशाला जातो, ही पहिली. आणि व्यक्तिचित्र म्हणजे केवळ हुबेहूब नक्कल, ही दुसरी. या दोन्ही समजुतींना नारायण श्रीधर बेंद्रे यांनी आपल्या साठ वर्षांच्या कामातून शांतपणे उत्तर दिले. त्यांनी आपली बाजू मांडण्यासाठी वाद घातला नाही, चित्रे काढली.

बेंद्रे यांचा जन्म २१ ऑगस्ट १९१० रोजी इंदूरच्या मराठी कुटुंबात झाला. होळकरांच्या त्या नगरीत देवळालीकर गुरुजींची चित्रशाळा होती. डी. जे. जोशी, विष्णू चिंचाळकर यांच्यासारखे चित्रकार याच शाळेने घडविले. गुरुजी विद्यार्थ्यांना वर्गाबाहेर नेत आणि उघड्यावर, उन्हात बसवून चित्रे काढून घेत. उन्हात भिंत केवळ पांढरी नसते आणि सावली केवळ काळी नसते, हे डोळ्याला एकदा उमगले की मग माणसाचा चेहराही वेगळा दिसू लागतो. कपाळ, गालाचे उंचवटे, हनुवटी या प्रत्येक पृष्ठभागावर प्रकाश निराळ्या कोनातून पडतो. ते पृष्ठभाग अचूक ओळखून रंगाचे फटकारे बसविणे हे व्यक्तिचित्रणाचे खरे मर्म होय. साम्य हे त्याचे फळ असते.

या शिक्षणाचे तेज लवकरच प्रकट झाले. १९३३ साली मुंबईची शासकीय कला-पदविका आणि १९३४ साली ‘व्हॅगाबाँड’ या चित्रास बॉम्बे आर्ट सोसायटीचे रौप्यपदक त्यांना मिळाले. १९३६ ते १९३९ या काळात ते काश्मीरमध्ये पर्यटन विभागासाठी चित्रकार म्हणून राहिले. १९४१ मध्ये सोसायटीचे सुवर्णपदकही लाभले. तिशीतच कीर्ती, ग्राहक आणि हातखंडा शैली या तिन्ही गोष्टी त्यांच्यापाशी होत्या. अनेकांचा प्रवास येथेच थांबतो. लोकांना जे आवडते तेच पुनःपुन्हा काढीत राहण्यात जन्म सुखाने सरतो.

बेंद्रे मात्र १९४५ साली शांतिनिकेतनात जाऊन राहिले. नंदलाल बोस, विनोदबिहारी मुखर्जी आणि रामकिंकर बैज यांच्या सहवासात त्यांनी भारतीय रेषेची आणि सपाट रंगक्षेत्राची शक्ती जवळून पाहिली. पुढे अमेरिकेचा प्रवास झाला. १९४८ मध्ये न्यूयॉर्कला प्रदर्शन भरले. आधुनिक पाश्चात्त्य चित्रे छापील पुस्तकांतून पाहणे वेगळे आणि मूळ कॅनव्हाससमोर उभे राहणे वेगळे, याचा अनुभव त्यांनी तेथे घेतला.

१९५० साली बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात ललितकला शाखा सुरू झाली आणि बेंद्रे तेथे चित्रकलेचे प्राध्यापक झाले. त्यांच्या कलाजीवनातील सर्वांत धाडसी पर्व हे. ज्याने चेहऱ्याचे पृष्ठभाग वाचण्यात वर्षे घालविली, त्याने आता ते पृष्ठभाग सुटे करून पाहिले. देह, भांडी, पाने यांचे कोनयुक्त तुकडे कॅनव्हासवर नव्याने जुळविले. पायातला काटा काढण्यासारख्या साध्या प्रसंगावरील ‘काटा’ या चित्रास १९५५ साली ललित कला अकादमीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे ते अमूर्ताकडेही वळले. नाव, गाव, कथा वजा केल्यावर रंग आणि रचना स्वतःच्या बळावर उभी राहते काय, याची ही परीक्षा होती. व्यक्तिचित्रणाचा पाया पक्का असल्यामुळेच त्यांना ती देता आली.

त्यांचे मोठेपण वर्गात अधिक उजळून दिसते. गुरूची शैली उचलणे शिष्याला सोपे असते आणि त्या अनुकरणाने सुखावणे गुरूला त्याहून सोपे असते. बेंद्रे यांनी हा मोह टाळला. ज्योती भट्ट मुद्राचित्रणाकडे आणि ग्रामीण लोककलांच्या छायाचित्रणाकडे वळले. काश्मीरहून आलेले गुलाम रसूल संतोष पुढे तंत्रपरंपरेतील प्रतीकांपर्यंत पोहोचले. गुलाममोहम्मद शेख यांनी कथनाची वाट धरली. या तिघांची चित्रे शेजारी ठेवली, तर एकाच गुरूचे शिष्य असे त्यांना कोणी म्हणणार नाही. गुरूच्या यशाचे याहून मोठे प्रमाण कोणते?

१९५९ मध्ये बेंद्रे शाखेचे अधिष्ठाता झाले. मात्र १९६६ साली, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, त्यांनी पद सोडले आणि केवळ चित्रासाठी वेळ मोकळा केला. पुढे मुंबईतील वास्तव्यात त्यांच्या कॅनव्हासवर माणूस परतला. घडे घेतलेल्या, कामात गढलेल्या, गप्पांत रमलेल्या ग्रामीण स्त्रिया आल्या. अनेकदा ही चित्रे रंगाच्या असंख्य बारीक बिंदूंनी विणलेली असत. बिंदूशेजारी बिंदू ठेवायचा आणि दोहोंचे मिश्रण पाहणाऱ्याच्या डोळ्यावर सोपवायचे, हे काम धीराचे आहे. जवळून पाहावे तर केवळ रंगकणांचे जाळे, म्हणजे अमूर्त. चार पावले मागे सरावे तर त्यातून गृहिणी उभी राहते. तरुणपणीच्या चित्रात एका विशिष्ट माणसाचा चेहरा होता. उत्तरायुष्यात तोच चेहरा नाव गळून साऱ्या श्रमणाऱ्या स्त्रियांचा झाला. मधल्या अमूर्ताच्या वाटेवाचून हे घडले असते, असे वाटत नाही.

१९६९ मध्ये पद्मश्री आणि १९९२ मध्ये पद्मभूषण देऊन राष्ट्राने त्यांचा गौरव केला. फेब्रुवारी १९९२ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.

आज मुलाच्या हाती रंग देताना पालक विचारतात, हुबेहूब येते का? प्रश्न चुकीचा नाही, पण अपुरा आहे. बेंद्रे यांनी हुबेहूब साधले, मग ते मोडले आणि मोडलेल्यातून नवे रचले. पहिली पायरी गाळणाऱ्याचे अमूर्त पोकळ ठरते आणि पहिल्याच पायरीवर बसून राहणाऱ्याचे कौशल्य शिळे होते. मिळालेली कीर्ती बाजूला ठेवून पुन्हा विद्यार्थी होण्याचे धैर्य ज्याच्या ठायी असते, त्याच्याच हातून परंपरा पुढे सरकते.